फादर झालेला भाऊ माघारी यायचं म्हणतो

पत्र वसई पट्ट्यातल्या एका वाचक भगिनीचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

त्यांचा धाकटा भाऊ धर्मप्रांताचा, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालचा, फादर आहे. दीक्षा होऊन दहा वर्षं झाली. ईस्टरनंतर दोन दिवस घरी आला असताना, रात्री सगळे झोपल्यावर त्याने बहिणीला सांगितलं, की तो बिशपना भेटून धर्मगुरुपदातून मोकळं करण्याची विनंती करणार आहे. त्याला लग्न करायचं आहे. एक शिक्षिका आहेत, ओळख तीन वर्षांची. आई ७४ वर्षांची, हृदयाची दुखणाईत. हा पोटात असताना तिने नवस केला होता, मुलगा झाला तर देवाला देईन. गावात तिला नावाने कोणी ओळखत नाही, ती ‘फादरची आई’. भगिनी विचारतात: देवाला दिलेला शब्द मोडणं हे पाप नाही का? त्याला कसं अडवू? त्या बाईने त्याला फूस लावली, तिला जाऊन भेटू का? आईपासून लपवून ठेवू का? माझ्या मुलीचं पुढच्या वर्षी लग्न ठरतंय, सोयरीक मोडली तर? शिवाय मोठी वहिनी आत्ताच म्हणू लागली आहे, ‘म्हणजे आता वाडीत वाटा मागणार!’

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात आई आहे, गाव आहे, मुलगी आहे, वाडी आहे. भाऊ मात्र फार थोडा आहे. त्या रात्री तो आणखी काय बोलला, कधीपासून त्याच्या मनात हे चाललंय, झोप लागते का, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करताना कसं वाटतं, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा विचारायचं सुचलंच नसेल. धक्का बसल्यावर आपण आधी घराच्या भिंती चाचपतो, त्यात गैर काही नाही. पण पुढचं सगळं मी लिहिते आहे ते तुम्ही त्याला एकदा हे विचाराल असं धरून.

आधी पापाचा प्रश्न, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त टोचतो आहे.

तुमच्या घरात दीक्षेच्या दिवसाचा फोटो असणारच. बिशपांच्या हातात हात देऊन तो आज्ञापालनाचं वचन देतोय, किंवा संतांची प्रार्थनामाला चालू असताना वेदीपुढे पालथा पडलाय. घरच्यांना तोच दिवस आठवतो. ब्रह्मचर्याचा शब्द मात्र त्याने त्याआधीच दिलेला असतो, डीकन होताना, म्हणजे फादर होण्याआधीच्या पायरीवर. तिथपर्यंत परतीची वाट उघडी असते, तिथून पुढे ती कायद्याने बंद होते. तुमचा भाऊ धर्मप्रांताचा फादर आहे, म्हणजे त्याने ब्रह्मचर्याचं वचन दिलं आणि बिशपांना आज्ञापालनाचं. येशूसंघासारख्या संस्थांतले फादर आणि सिस्टर्स दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतात. हा फरक कोरडा वाटेल, पण पुढे पैशांचा आणि वाडीचा विषय आला की उपयोगी पडतो.

आणि हा शब्द एकदाच देऊन संपत नाही. दरवर्षी पवित्र आठवड्याच्या सुमारास बिशपांच्या सोबत जी तेलांच्या आशीर्वादाची मिस्सा होते, तिच्यात सगळे फादर आपल्या वचनांचा पुनरुच्चार करतात. तुमचा भाऊ ईस्टरनंतर घरी आला आणि बोलला. थोड्याच दिवसांपूर्वी तो भरल्या चर्चमध्ये इतरांबरोबर उभा राहून ‘होय, माझी तयारी आहे’ म्हणाला असणार. मला वाटतं, त्याचं बोलणं तिथून सुरू झालं असावं. खोटं बोलवेना म्हणून माणूस घरी येऊन बोलतो, याला मी तरी आधी पाप म्हणणार नाही.

शब्द मोडणं आणि शब्दातून रीतसर सोडवून घेणं या चर्चच्याच दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लपून संसार करणं, किंवा परवानगी नसताना जाऊन कोर्टात लग्न करणं, हे मोडणं. बिशपांसमोर बसून ‘मला हे झेपत नाही, माझं ऐका’ म्हणणं हे मोडणं नव्हे. ब्रह्मचर्याच्या बंधनातून धर्मगुरूला सोडवण्याचा अधिकार एकट्या पोपकडे आहे. अधिकार आहे याचाच अर्थ, अशी वेळ येऊ शकते हे चर्चने धरलेलं आहे. मात्र हे सोडवणं हक्काने मागता येत नाही, ते कृपा म्हणून दिलं जातं. मिळेलच असं नाही.

इथे बरेच जण सांगतात की हा नियम माणसांनी केलाय, उद्या बदलेल. तुमच्या भावालाही कोणी सांगितलं असेल. निम्मं खरं आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याला सासू होती, म्हणजे बायको होती. पहिली कित्येक शतकं लग्न झालेले धर्मगुरू होते. पश्चिमेकडच्या चर्चने नियम हळूहळू आवळत नेला आणि ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनंतर धर्मगुरूचं लग्न नुसतं निषिद्ध न राहता अवैधच ठरलं. आपल्याकडे केरळच्या थोमा ख्रिस्ती लोकांतही विवाहित धर्मगुरू होते, १५९९च्या उदयमपेरूरच्या धर्मसभेने ते बंद केलं. पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चमध्ये आजही विवाहित पुरुषाला दीक्षा मिळू शकते. २०१९ साली अॅमेझॉनच्या धर्मसभेत दूरच्या वस्त्यांसाठी विवाहित पुरुषांना दीक्षा देण्याची सूचना बहुमताने आली, पोप फ्रान्सिस यांनी त्यावर पाऊल उचललं नाही. पण या सगळ्यात एक गोष्ट लोक विसरतात: जिथे विवाहित धर्मगुरू चालतात तिथेही लग्न आधी, दीक्षा नंतर. दीक्षा घेतलेल्याने मागाहून लग्न करायचं हे पूर्वेतही चालत नाही. म्हणजे उद्या रोमने दार उघडलं तरी ते पुढच्या पिढीसाठी असेल. ‘थोडं थांब, नियम बदलतील’ असा सल्ला त्याला देऊ नका. त्या आशेवर दुहेरी आयुष्य काढणारा माणूस स्वतःला फसवतोच, शिवाय एका बाईची दहा-पंधरा वर्षं खातो.

आता नवसाकडे येते. नवस आईने केला. वचन मुलाने दिलं. तुमच्या पत्रात ही दोन्ही एकच झाली आहेत, आणि मला भीती वाटते की घरातही ती कायम एकच होती. चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेत याबद्दल सरळ कलम आहे: नवस तो करणाऱ्यालाच बांधतो, दुसऱ्याला नाही. तुमच्या आईने मुलगा देऊ केला, सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, जाऊ दिला, तिच्या हातून जे व्हायचं होतं ते झालं. तिचा नवस फिटला. तरीही तिच्या मनात ओझं राहिलं, तर अशा खासगी नवसातून मोकळं करण्याचा अधिकार तिच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) मुख्य फादरनाच आहे, त्यासाठी रोमला जावं लागत नाही. तिला हे कोणीतरी फादरच्या तोंडून ऐकवलं पाहिजे. तुमच्या-माझ्या तोंडून तिला ते पटणार नाही.

नवसाचा विषय मी लांबवते आहे त्याला कारण आहे. १९८० साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात सुटकेच्या अर्जांचे नियम कडक झाले. त्याआधीच्या दशकात अशा परवानग्या बऱ्याच सहज मिळत होत्या. १९८० पासून ‘आता लग्न करायचंय’ एवढं कारण पुरत नाही. दीक्षेच्या वेळी तो खरोखर मोकळ्या मनाने निर्णय घेत होता का, दबाव होता का, तेवढी समज आली होती का, वरिष्ठांना काही दिसायला हवं होतं का, हे तपासतात. भाऊ पोपच्या नावाने अर्ज करील, स्वतःची जीवनकहाणी लिहील. बिशप चौकशीसाठी एका धर्मगुरूला नेमतील, भावाचा जबाब होईल, साक्षीदारांचे होतील, मग बिशपांच्या मतासह सगळी कागदपत्रं रोमला धर्मगुरूंसाठीच्या खात्याकडे जातील. साक्षीदारांत घरचेही असू शकतात. म्हणजे एक दिवस तुम्हालाच विचारलं जाऊ शकतं: तो लहान असताना घरात काय बोललं जायचं? सेमिनरीतून सुट्टीला आल्यावर कधी नको म्हणाला होता का? तेव्हा खरं तेच सांगा. त्याची सुटका सोपी व्हावी म्हणून आईला खलनायिका करू नका, आणि घराण्याचं नाव राहावं म्हणून ‘तो अगदी आनंदाने गेला’ असंही म्हणू नका. आत्तापासून आठवून पाहा. कदाचित तुम्हाला त्याला अडवण्याची घाई का झाली आहे, त्याचंही उत्तर तिथे सापडेल.

अडवू का, या प्रश्नावर माझं मत दोन्ही बाजूंना थोडं रुचणार नाही. घराण्यासाठी त्याला आत ठेवणं मला मान्य नाही. आईसाठी, गावासाठी, भाचीच्या लग्नासाठी झगा घालून राहिलेला माणूस ब्रह्मचर्य पाळत नसतो, नुसता अविवाहित असतो. पण ‘मन म्हणतंय तर नीघ बाहेर’ असंही मी म्हणणार नाही. दहाएक वर्षांनी येणारा कोरडेपणा लग्न झालेल्यांना नवा नाही आणि फादरनाही नाही. एका मोठ्या धर्मग्रामात एकट्याने राबणारा, रात्री रिकाम्या बंगल्यात जेवण गरम करून खाणारा, सणाच्या दिवशी सगळ्यांच्या घरी जाऊन कुणाच्याच घरी न थांबणारा माणूस एकटेपणालाच प्रेम समजू शकतो. किंवा ते प्रेमच असतं. बाहेरून ना मला कळेल ना तुम्हाला. त्याला कळायला वेळ आणि अंतर हवं.

म्हणून अर्जाच्या आधी त्याने बिशपांकडे काही महिन्यांची रजा मागावी असं मी सुचवीन. धर्मग्रामाच्या जबाबदारीतून बाजूला, त्या बाईंपासूनही थोडं दूर. या काळात एक आध्यात्मिक मार्गदर्शक असावा आणि एक समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ, ज्याला त्याने राहावं किंवा जावं यात काहीच स्वारस्य नाही. तुम्ही यापैकी कोणीच नाही, हे लक्षात असू द्या. तो राहायचं ठरवील तर त्याला त्या बाईंना स्पष्ट नकार द्यावा लागेल, फोन-मेसेज ठेवून राहणं म्हणजे राहणं नव्हे. जायचं ठरवील तर आधी अर्ज, मग उत्तराची वाट, मग लग्न, या क्रमाने. वाट पाहणं सोपं नाही, वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही लागू शकतात. आधी कोर्टात नोंदणी केली तर सरकारी कायद्याने ते लग्न ठीक असेल, चर्चच्या कायद्याने नाही. त्याचं पद त्या क्षणी जाईल, तो निलंबित होईल आणि दोघांनाही कम्युनिअन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) घेता येणार नाही. पुढे ती गाठ सोडवणं जास्त किचकट. परवानगी आली तर मात्र तो साध्या श्रद्धावंतासारखा चर्चमध्ये लग्न करू शकतो, गाजावाजा न करता. मिस्सा करणं, प्रवचन देणं बंद होईल. जिथे त्याला फादर म्हणून ओळखतात तिथे सहसा राहू नये अशीही अट असते, बिशप ती सैल करू शकतात.

एक गोष्ट मात्र आईला सांगण्यासारखी आहे. वैध दीक्षा कधीच पुसली जात नाही. पद जातं, अधिकार जातात, पण मरणाच्या दारातल्या माणसाने पापक्षमा मागितली, तर असा बाहेर पडलेला धर्मगुरूही ती देऊ शकतो आणि ती खरी असते. ‘सगळं वाया गेलं’ असं आई म्हणेल, तेव्हा हे सांगा.

त्या बाईंबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, आणि त्यात त्या दोषी आहेत. तीन वर्षांत ‘फूस’ कोणी कोणाला लावली याचा हिशेब तुम्ही कुठून केलात? तो पस्तिशी ओलांडलेला, शिकलेला, शेकडो माणसांना सल्ला देणारा पुरुष आहे. खरं तर मी प्रश्न उलटा विचारीन, आणि तो त्याला विचारा: ओळख कशी झाली? त्या त्याच्याकडे दुःख घेऊन, सल्ल्यासाठी, पापनिवेदनासाठी येत होत्या का? तसं असेल तर ही दोन बरोबरीच्या माणसांची गोष्ट राहत नाही. फादरच्या खुर्चीत बसलेल्याच्या हातात समोरच्याचं मन असतं. ती जबाबदारी त्याची, तिची नाही, आणि हे बिशपांसमोर त्याने स्वतःहून सांगायला हवं. तसं नसेल, तर त्या एक शिक्षिका आहेत ज्या तीन वर्षं कुणालाही काही न सांगता वाट पाहताहेत. दोन्ही बाबतींत तुम्ही त्यांच्या दारात जाऊन उभं राहण्याने कुणाचंच भलं नाही. जाऊ नका.

आईपासून लपवू नका, पण तुम्ही सांगूही नका. ते काम त्याचं. तुम्हीच लिहिलंय की तो घरी आला की आई अजून त्याच्या पांढऱ्या झग्याला स्वतः खळ लावून इस्त्री करते आणि पोटच्या पोराला ‘फादर’ म्हणते. अशा बाईला बातमी बाजारात मासळी घेताना कळली तर ते तिच्या हृदयाला जास्त धोक्याचं. बिशपांची भेट झाली की लगेच, गावात कुजबुज सुरू व्हायच्या आत त्याने येऊन सांगावं. आधी तिच्या डॉक्टरांशी बोला. सकाळची वेळ निवडा, रात्रीची नको. तिचा विश्वास असलेले एखादे वयस्क फादर सोबत असले तर उत्तम, नवसाची गोष्टही तेच तिला सांगतील. ती त्या दिवशी बोलणार नाही, कदाचित महिनाभर बोलणार नाही. रविवारी मिस्सेला जायचं टाळेल. तेव्हा शेजारी तुम्ही बसा, नेहमीच्याच बाकावर.

वाडीचं मी दोन ओळींत उरकते. त्याने धर्मप्रांतासाठी वचन दिलं ते दारिद्र्याचं नव्हतं. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आपल्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे एक तृतीयांश आईचं, उरलेलं सगळ्या मुलांचं सारखं, मुलींचंही. त्याने हक्कसोड पत्र नोंदवून दिलं नसेल तर त्याचा वाटा त्याचाच आहे, फादर असतानाही होता. ‘मला काही नको’ असं तो दीक्षेच्या जेवणावळीत म्हणाला असेल, त्याला कायद्यात किंमत नाही. तो बाहेर पडेल तेव्हा त्याच्याकडे तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकल्याचे कागद असतील, बँकेत फारसं काही नसेल, आणि नोकरीच्या अर्जात मागची दहा वर्षं काय केलं ते लिहिताना पेन अडखळेल. सुरुवातीच्या आधाराबद्दल त्याने बिशपांशी न लाजता बोलावं. वहिनींना आत्ता उत्तर देऊ नका. वकिलाकडे सगळे मिळून जा, तुमचाही वाटा त्यात निघेल हे त्यांना तिथे कळेल.

हे वाचणारे काही फादर असतील, काही सेमिनरीतली मुलं. सेमिनरीतल्या मुलांना एवढंच: डीकन होण्याआधी निघणं म्हणजे पळून जाणं नाही, तेवढ्यासाठीच ती वर्षं ठेवलेली आहेत. आणि घरच्यांनो, सुट्टीला आलेल्या मुलाला आत्तापासून फादर म्हणून हाक मारू नका.

राहिली मुलीची सोयरीक. मुलाकडच्यांना बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं, पण त्याचं नक्की झाल्यावर, आधी नाही. रजा म्हणजे निर्णय नव्हे. मामा बाहेर पडला म्हणून जे लग्न मोडेल, ते पहिल्या दुखण्यात, पहिल्या नुकसानीतही डळमळलंच असतं. एक व्यावहारिक गोष्ट मात्र आजच करा. लेकीच्या मनात मामानेच लग्न लावावं असं असणार. लग्न लावणाऱ्या धर्मगुरूला त्या वेळी तसा अधिकार असावा लागतो, नसेल तर लग्नाच्या वैधतेवरच प्रश्न येऊ शकतो. पुढच्या वर्षी तो कुठे असेल हे आज त्यालाही ठाऊक नाही. तेव्हा तारीख धरताना लग्न लावायला धर्मग्रामाच्या फादरनाच विचारून ठेवा, आणि पत्रिकेत त्याचं नाव मामांच्या यादीत घाला.